संगणक-शंका : शेजारी शेजारी पॅनल आणि मधली पट्टी

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच अडचणीभोवती, म्हणजे पडद्यावर शेजारी शेजारी पॅनल (खिडकीतले कप्पे) बसवण्याभोवती, फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. प्रोग्राममधील आज्ञांची नावे येथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात.

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचे भुसार मालाचे दुकान आहे. वडिलांसाठी मी पायथन भाषा आणि तिच्यातले खिडक्या तयार करण्याचे साधन टीकेइंटर वापरून बिलाचा प्रोग्राम लिहिला. डावीकडे मालाची यादी, मध्ये चालू बिल आणि उजवीकडे छापल्या जाणाऱ्या पावतीचा नमुना अशी तीन पॅनल आहेत. काही गिऱ्हाइके मराठी वाचणारी, काही कन्नड, म्हणून मालाची नावे दोन्ही लिप्यांत ठेवली आहेत. घरच्या मोठ्या मॉनिटरवर सगळे व्यवस्थित दिसते. दुकानातल्या संगणकावर मात्र पावतीचे पॅनल बोटभर पट्टी होऊन बसते. तीन फ्रेमना, म्हणजे या पॅनलांच्या चौकटींना, मी अनुक्रमे 500, 800 आणि 600 पिक्सेल रुंदी दिली असून तिन्ही पॅकने (वस्तू एकामागून एक लावणाऱ्या आज्ञेने) डावीकडून लावल्या आहेत. फ्रेम आतल्या मजकुराएवढ्या आक्रसत होत्या, म्हणून एका मित्राच्या सांगण्यावरून प्रोपगेट बंद केले. यादीतली कन्नड नावेही खालून कापली जातात. काय करावे? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : आधी साधी बेरीज करू. आपल्या तीन फ्रेमची रुंदी मिळून 1900 पिक्सेल होते. घरचा मॉनिटर बहुधा 1920 रुंदीचा आहे, त्यामुळे तेथे सारे मावते. दुकानातला पडदा 1366 रुंदीचा असेल, तर पहिल्या दोन फ्रेमनी 1300 घेतल्यावर तिसरीसाठी 66 पिक्सेल उरतात आणि हीच ती आपली बोटभर पट्टी. पॅकची रीत पंगतीसारखी आहे : जो आधी बसला त्याला आधी वाढले जाते, आणि कमी पडले तर ते शेवटच्या पानावर. पॅक सर्वांना थोडे थोडे कमी करून भागवत नाही. म्हणून पॅक वापरायचाच असेल, तर जे कधीही कापले जाऊ नये ते आधी लावावे, मग ते उजव्या बाजूचे असो किंवा तळाच्या बटणांची ओळ असो, आणि जे लहान-मोठे झालेले चालेल ते सर्वांत शेवटी लावावे.

मित्राने दिलेला सल्ला चुकीचा नव्हता, अपुरा होता. फ्रेम ही आतल्या वस्तूंच्या मापाने स्वतःचे माप ठरवते. आत काही ठेवले की तिला दिलेली रुंदी ती विसरते, हा तिचा दोष नसून स्वभाव आहे. प्रोपगेट बंद केल्यावर हा स्वभाव थांबतो, पण मग माप ठरवण्याची सगळी जबाबदारी आपल्यावर येते, आणि आपण ती एका मॉनिटरकडे पाहून पार पाडलीत. मी स्वतः प्रोपगेट फार क्वचित बंद करतो.

खरा प्रश्न आज्ञांचा नाही. जागा जास्त झाली तर ती कोणाला द्यायची आणि कमी पडली तर कोणी सोसायची, हे आधी ठरवावे लागते, आणि ते दुकान पाहून ठरते. पावतीचे पॅनल पाहा. दुकानात सहसा असतो तो 80 मिलिमीटर कागदाचा थर्मल प्रिंटर साधारण 72 मिलिमीटर रुंदीत छापतो आणि एका मिलिमीटरला 8 ठिपके या हिशेबाने त्याची ओळ 576 ठिपक्यांची होते. म्हणजे पावतीची रुंदी कागदानेच बांधून दिली आहे. तिचे पॅनल कितीही रुंद केले तरी दोन्ही बाजूंना कोरी जागाच वाढेल. ती निम्म्या मापाने दाखवली तर 288 पिक्सेल पुरतात, सरकपट्टी आणि कडेची मोकळीक धरून 320 समजू. मालाच्या यादीलाही सर्वांत लांब नाव मावेल एवढी रुंदी पुरते, ती आपण 280 धरू. उरलेले सगळे बिलाचे. 1366 च्या पडद्यावर बिलाला 766 पिक्सेल मिळतील, 1920 च्या पडद्यावर 1320, आणि दोन्हीकडे पावती पूर्ण दिसेल.

ही मांडणी ग्रिडने, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडणाऱ्या आज्ञेने, सहज होते. तिन्ही फ्रेम एकाच ओळीत शून्य, एक आणि दोन या स्तंभांत ठेवाव्यात, स्टिकीमध्ये चारही दिशांची अक्षरे द्यावीत (म्हणजे फ्रेम आपल्या घराच्या चारही कडांना चिकटते) आणि मुख्य खिडकीवर कॉलमकॉन्फिगर वापरून मधल्या स्तंभाला वेट (वाढीव जागेतला वाटा) 1 व कडेच्या दोघांना वेट 0 द्यावे. कडेच्या स्तंभांना मिनसाइझ म्हणून 280 आणि 320 ही मापे देता येतात, मधल्यालाही 400 च्या आसपास एक किमान माप द्यावे. वेट शून्य असलेला स्तंभ खिडकी लहान केली तरी आपली जागा सोडत नाही. जे काही सोसायचे ते वेट असलेला स्तंभ त्याच्या किमान मापापर्यंत सोसतो. एक गोष्ट हमखास राहून जाते : ओळीलाही रोकॉन्फिगरने वेट 1 द्यावे लागते, नाहीतर पॅनल रुंदीला नीट पसरतात पण उंचीला आखूड राहून वरच्या काठाला चिकटतात आणि खाली मोकळी जागा उरते. आणि एकाच फ्रेमच्या पोटात पॅक व ग्रिड दोन्ही वापरू नयेत. टीकेच्या, म्हणजे टीकेइंटरमागच्या मूळ साधनाच्या, जुन्या आवृत्त्यांत हे दोघे एकमेकांचे माप बदलत बसत आणि प्रोग्राम जागीच अडकून पडे, 8.6 मध्ये निदान चूक दाखवणारा संदेश तरी मिळतो. वेगवेगळ्या फ्रेमच्या आत मात्र एकीकडे पॅक आणि दुसरीकडे ग्रिड खुशाल चालते.

वेटबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो येथेच दूर केलेला बरा. दोन स्तंभांना 1 आणि 2 असे वेट दिले की त्यांची रुंदी एकास दोन होईल, असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. प्रत्येक स्तंभाची मूळ गरज आधी भागवली जाते आणि वेटप्रमाणे वाटणी होते ती फक्त वरकड जागेची. समजा, दोन्ही स्तंभांना मुळात 300 पिक्सेल लागतात आणि खिडकी 1200 पिक्सेलची आहे. तर वरकड 600 पैकी 200 पहिल्याला आणि 400 दुसऱ्याला जातील आणि रुंदी होईल 500 व 700. खरोखरच 400 व 800 हवे असतील, तर दोन्ही स्तंभांना युनिफॉर्म या नावाखाली एकच खूण द्यावी. एका खुणेचे स्तंभ वेटच्या प्रमाणात काटेकोर राहतात.

आता कन्नड नावांविषयी. अक्की, सक्करे, बेल्ल ही तिन्ही नावे, म्हणजे आपले तांदूळ, साखर आणि गूळ, कन्नड लिपीत लिहून पाहा. तिन्हींत जोडाक्षर आहे आणि कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, म्हणजे ओत्ताक्षर, मूळ अक्षराच्या खाली लोंबतो. आपली यादी बहुधा ट्रीव्ह्यूची (टीकेइंटरमधल्या तयार यादी-तक्त्याची) आहे, आणि तिच्या ओळीची उंची फॉन्ट पाहून ठरत नाही. आपण काही सांगितले नाही तर ती 20 पिक्सेल राहते. रोमन अक्षरांना ती पुरते, देवनागरीत ‘गूळ’ आणि ‘तूप’ यांचे ऊकार कसेबसे आत बसतात, पण कन्नड ओत्ताक्षराचे पाय तुटतात. उपाय एका ओळीचा आहे : स्टाइल कॉन्फिगरमध्ये ट्रीव्ह्यूच्या रोहाइटला नवे माप द्यावे. ते अंदाजाने 30 लिहिण्यापेक्षा फॉन्टच्या मेट्रिक्समधून लाइनस्पेस (एका ओळीला लागणारी उंची) विचारून त्यात 6 मिळवावेत, म्हणजे पुढे वडिलांनी अक्षर मोठे मागितले तरी ओळ आपोआप मोठी होईल. यादीच्या रुंदीचेही तेच. इंद्रायणी, तोगरी बेळे, जी काही लांब नावे असतील ती दोन्ही लिप्यांत फॉन्टच्या मेझर या रुंदी मोजणाऱ्या आज्ञेला द्यावीत आणि जे सर्वांत मोठे उत्तर येईल त्यावरून स्तंभाचे किमान माप ठरवावे. वर मी धरलेले 280 हे त्या उत्तरापुढे टिकले नाही, तर खुशाल बदलावे. फॉन्ट म्हणून विंडोजवर निर्मला यूआय घ्यावा. विंडोज 8 पासून तो सोबत येतो आणि देवनागरी व कन्नड दोन्ही लिप्या त्यात असल्याने एकाच ओळीतली दोन नावे वेगवेगळ्या घरांतली वाटत नाहीत.

एक सूचना लॅपटॉपसाठी. पडदा 1920 चा असला तरी विंडोजमध्ये मोठेपणा 125 टक्के ठेवलेला असेल, तर त्याची दखल न घेणाऱ्या प्रोग्रामला तो 1536 पिक्सेलचाच भासतो आणि अक्षरेही किंचित पुसट दिसतात. पिक्सेलमध्ये बांधलेली मांडणी अशा वेळी तिसऱ्याच ठिकाणी फसते.

मधल्या पट्ट्या माउसने सरकवता याव्यात का, हे आपण विचारलेले नाही, पण मोह होईल. टीकेमध्ये 8.4 या आवृत्तीपासून, म्हणजे 2002 पासून, त्यासाठी पेन्ड विंडो आहे. माझे मत असे की गल्ल्यावरच्या प्रोग्राममध्ये ती देऊ नये. गर्दीच्या वेळी माउस कोठेतरी अडकतो, पट्टी सरकते आणि ‘पावती गेली’ म्हणून आपल्याला फोन येतो. घरी बसून महिन्याचा हिशेब पाहायच्या खिडकीत मात्र ती उपयोगाची आहे. तेथे ओरिएंट स्पष्टपणे हॉरिझॉन्टल लिहावे. पट्टी उभी दिसते म्हणून अनेकजण व्हर्टिकल लिहितात आणि पॅनल एकाखाली एक लागतात. येथे दिशा पट्टीची नसून पॅनलांच्या रांगेची असते. टीटीकेच्या, म्हणजे टीकेतल्या नव्या घटकसंचाच्या, पेन्ड विंडोत पॅनलला वेट देता येते पण किमान माप देता येत नाही. जुन्या, साध्या पेन्ड विंडोत मिनसाइझ आहे, म्हणून पॅनल शून्यापर्यंत दाबले जाऊ नये असे वाटत असेल तर मी जुनीच घेतो. पट्टीची जागा प्रोग्राममधून ठरवायची असेल, तर आधी अपडेट आयडलटास्क्स बोलवावे, कारण खिडकीला अजून रुंदीच मिळाली नसेल तर पट्टी सरकायची कोठे?

प्रश्न : मी बेळगावात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जावा स्विंगमध्ये (जावा भाषेतल्या खिडक्यांच्या साधनात) पावसाच्या नोंदींचा प्रकल्प करत आहे. डावीकडे तालुका आणि गावे यांचे झाड, मध्ये नोंदींचा तक्ता आणि उजवीकडे निवडलेल्या गावाची माहिती हवी आहे. जेस्प्लिटपेनमध्ये, म्हणजे सरकत्या पट्टीने जागा विभागणाऱ्या घटकात, दोनच भाग येतात. शिवाय उजवीकडची पट्टी आणखी उजवीकडे ओढली तर हलतच नाही. खिडकी मोठी केली की वाढीव जागा नको त्या पॅनलला जाते. (एक विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : जेस्प्लिटपेन दोनच भागांचे असते, म्हणून एकात एक घालावे : आतल्यात झाड आणि तक्ता, आणि बाहेरच्यात डावीकडे ते आतले जेस्प्लिटपेन व उजवीकडे गावाची माहिती. वाढीव जागा कोणाला, हे रिसाइझवेट ठरवते. ते 0 असते तेव्हा सारी वाढ उजव्या भागाला जाते आणि 1 असते तेव्हा डाव्या भागाला. आपण काही न सांगितल्यास ते 0 धरले जाते. आपल्याला वाढ तक्त्याला हवी आहे. तक्ता आतल्या जोडीत उजवीकडे आहे, म्हणून आतल्याला 0 राहू द्यावे. बाहेरच्या जोडीत तो डाव्या भागाच्या पोटात आहे, म्हणून बाहेरच्याला 1 द्यावे. खानापूरची पावसाळ्यातली यादी आणि चिकोडीची यादी यांच्या लांबीत किती फरक पडतो हे आपल्याला नोंदींवरून माहीत असेलच. म्हणून तक्ता जेस्क्रोलपेनमध्ये, म्हणजे सरकपट्टीच्या चौकटीत, ठेवला आहे ना, ते पाहावे, नाहीतर स्तंभांची नावेही दिसणार नाहीत.

पट्टी न हलण्याचे कारण बहुधा उजव्या पॅनलमधले एखादे लांबलचक शीर्षक असावे. जेस्प्लिटपेन कोणत्याही भागाला त्याच्या किमान मापाखाली दाबू देत नाही, आणि जेलेबलचे (मजकूर दाखवणाऱ्या पाटीचे) किमान माप म्हणजे त्यातला पूर्ण मजकूर. ‘निवडलेल्या गावाची पर्जन्यमानविषयक माहिती’ असे एका ओळीत लिहिले, की तेवढी रुंदी अडून राहते. पॅनलला सेटमिनिममसाइझने लहान माप द्यावे, पट्टी लगेच मोकळी होईल. शीर्षकही आखूड करता आले तर बघावे. ‘पाऊस’ एवढे पुरते.

आणखी एका खड्ड्यापासून सावध करतो, कारण परीक्षक समोर बसलेले असताना त्यात पडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. सेटडिव्हायडरलोकेशनला पूर्णांक दिला तर तो पिक्सेल समजला जातो आणि दशांश दिला तर प्रमाण. त्यामुळे 1 लिहिले तर पट्टी डाव्या काठाला जाऊन चिकटते आणि 1.0 लिहिले तर उजव्या. शिवाय प्रमाण द्यायचे ते खिडकी पडद्यावर आल्यानंतर. त्याआधी जेस्प्लिटपेनची रुंदी शून्य असते आणि शून्याचा अर्धा भागही शून्यच.

प्रश्न : निपाणीत आमच्या कार्यालयात उबंटू वापरतात. टीकेइंटरमध्ये दोन पॅनल शेजारी शेजारी नीट बसतात, पण मराठीतली जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षरापुढे दिसतात. हे पॅनलच्या रुंदीमुळे होते का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : रुंदीचा येथे काही संबंध नाही. उबंटू ही लिनक्सचीच एक आवृत्ती, आणि लिनक्सवरचे टीके 8.6 अक्षरे सुटी सुटी मांडते. भारतीय लिप्यांत ती एकमेकांशी जुळवून घ्यावी लागतात, ते काम ते करत नाही. मांडणीत कितीही बदल केले तरी हे सुधारणार नाही, म्हणून पायसाइडकडे, म्हणजे क्यूटी हे दुसरे खिडक्यांचे साधन पायथनमधून वापरण्याकडे वळावे. क्यूटी अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरते आणि मराठी व कन्नड दोन्ही नीट दाखवते.

शेजारच्या पॅनलांसाठी तेथे क्यूस्प्लिटर आहे आणि त्यात दोनाची मर्यादा नाही. हवी तितकी पॅनल अ‍ॅडविजेटने एकामागून एक घालता येतात. सेटसाइझेसने सुरुवातीची मापे द्यावीत, सेटस्ट्रेचफॅक्टरने वाढ कोणाला ते सांगावे, आणि सेव्हस्टेटने मिळालेली मांडणी क्यूसेटिंग्जमध्ये ठेवून पुढच्या वेळी रिस्टोअरस्टेटने परत आणावी, म्हणजे प्रत्येकाला रोज सकाळी पट्ट्या पुन्हा ओढत बसावे लागत नाही. एक ओळ मात्र पहिल्या दिवशीच लिहावी : सेटचिल्ड्रनकोलॅप्सिबलला फॉल्स. ती नसेल तर पट्टी काठापर्यंत ओढताच पॅनल साफ मिटते. एका पतसंस्थेसाठी केलेल्या कामात मी ती ओळ विसरलो होतो. तेथील लिपिकांनी नकळत खात्यांची यादी मिटवली, ‘सगळी खाती पुसली गेली’ असा निरोप आला, आणि मी भर पावसात गाडी काढून गेलो. काठावरची तीन-चार पिक्सेलची पट्टी उजवीकडे ओढली, खाती परत आली, आणि चहा पिऊन मी घरी आलो. चूक पूर्णपणे माझी होती.

प्रश्न : मी प्रोग्राम वगैरे लिहीत नाही. शेतीचे उतारे कन्नडमध्ये येतात आणि नातेवाइकांसाठी मला त्यांचे मराठीत भाषांतर करावे लागते. एकीकडे कन्नड उतारा आणि दुसरीकडे माझे मराठी असे एकाच वेळी दिसेल का? (एक निवृत्त शिक्षक, चिकोडी तालुका)

उत्तर : दिसेल, आणि त्यासाठी नवीन काही विकत घ्यावे लागणार नाही. उताऱ्याच्या खिडकीवर एकदा क्लिक करून कळफलकावरचे विंडोजचे बटण दाबून ठेवावे आणि डावीकडचा बाण दाबावा; ती खिडकी पडद्याचा डावा अर्धा भाग व्यापेल. उरलेल्या अर्ध्या भागात बाकीच्या खिडक्यांची लहान चित्रे दिसतील, त्यांतून आपल्या मराठी लेखनाची निवडावी. विंडोज 10 आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत दोन्ही खिडक्यांमधली सीमा माउसने ओढली की एक लहान आणि दुसरी मोठी एकाच वेळी होते. उताऱ्यातला तक्ता आडवा पसरलेला असतो, म्हणून कन्नड बाजूला थोडी जास्त जागा द्यावी. मराठीच्या ओळी आपोआप खाली वळतात, तक्ता वळत नाही.

कधी एकाच फाइलमधली पहिली आणि दहावी पाने समोरासमोर ठेवून गट क्रमांक ताडून पाहायचे असतील, तर लिब्रेऑफिस रायटरच्या विंडो मेनूत नवीन विंडोचा पर्याय आहे. त्याने तीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडते आणि एका बाजूला केलेली दुरुस्ती लगेच दुसऱ्या बाजूलाही उमटते, त्यामुळे फाइलची प्रत काढण्याची गरज नाही.